सर्व्हरचा दसरा

पाहुण्यारावळ्यांत कुणी "काय करता?" असं विचारलं, की मी "कॉम्प्युटरचं काम" म्हणतो आणि विषय बदलायचा प्रयत्न करतो. तो फसतो. समोरचा माणूस खिशातून मोबाइल काढतो आणि नातवाचे फोटो कुठं गेले ते विचारतो. एका जलदानविधीला तर वंदना संपायच्या आत घरच्यांनी मला आतल्या खोलीत नेऊन टीव्हीचा डबा दाखवला होता. गेलेल्या माणसाची शेवटची इच्छा तो दुरुस्त व्हावा अशी होती म्हणे.

माझं काम त्यातलं नव्हे. छत्रपती संभाजीनगरातल्या, म्हणजे मी कामाला लागलो तेव्हाच्या औरंगाबादेतल्या, संस्था, कारखाने आणि कॉलेजं यांच्या वेबसाइटी ज्या यंत्रांवर चालतात त्या यंत्रांची मी निगा राखतो. त्यांना सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हणजे एसीत ठेवलेला आणि कधीही बंद न करायचा एक साधा कॉम्प्युटर. लोकांना तो बघायला मिळत नाही, म्हणून त्याच्याविषयीचा आदर टिकून आहे.

या निगेतलं माझं बरंचसं आयुष्य एका तक्रारीत गेलं: डेटाबेसचा ड्रायव्हर सापडत नाही. ड्रायव्हर या शब्दावर जे विनोद होऊ शकतात ते सगळे माझ्या समोर, माझ्याच तोंडावर करून झालेले आहेत. वाचकांना नवा सुचल्यास त्यांनी तो स्वतःजवळच ठेवावा.

भानगड अशी असते. वेबसाइट एका बाजूला, आणि माहितीचा साठा, म्हणजे डेटाबेस, दुसऱ्या बाजूला. दोघांची भाषा वेगळी. मधे सोयरीक जुळवणारा एक माणूस लागतो. मुलीकडचं मुलाकडं सांगणारा, मुलाकडचं जरा गोड करून मुलीकडं सांगणारा. तो ड्रायव्हर. छोटीशी फाइल असते. ती असताना तिचं नाव कुणाला माहीत नसतं. ती गेली, की दोन्ही घरची मंडळी मांडवात नटूनथटून बसलेली असतात आणि कुणी कुणाशी बोलत नाही. मग वेबसाइटवाला म्हणतो डेटाबेस बंद आहे, डेटाबेसवाला म्हणतो वेबसाइट भिकार आहे, आणि मालक म्हणतो साळवेला बोलवा.

साळवे म्हणजे मी.

या आजाराचे रोगी ठरलेले असतात. पहिला म्हणजे "माझ्याकडं चालतं" म्हणणारा प्रोग्रामर. त्याच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर असतो, सर्व्हरवर तो टाकायचा राहिलेला असतो. बिडकीनकडच्या एका कारखान्यात असा एक जण तासभर मला आपला लॅपटॉप दाखवत होता. "बघा ना सर, इथं कसं पळतंय." शेवटी मी त्याला म्हणालो, "मग तुमची सगळी गिऱ्हाइकं या टेबलापाशी बोलवा." त्याला ते अपमानास्पद वाटलं. मालकाला मात्र क्षणभर पटलं होतं, आणि तेच जास्त धोक्याचं होतं.

दुसरा रोगी म्हणजे "काहीच बदललं नाही" म्हणणारा. काल चालत होतं, आज चालत नाही, तर मधे कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. यंत्रं आपणहून बिघडतात, पण आपणहून नीटनेटकी होत नाहीत. एखादी फाइल बिनचूक आणि अगदी मुळासकट गायब असेल, तर तिथं माणसाचा हात असतो. म्हणून मी कुठंही गेलो की आधी विचारतो, "काय बदललं?" उत्तर एकच येतं. इतक्या वर्षांत मला वेगळं उत्तर एकदाच मिळालं, आणि ज्या बाईनं ते दिलं तिला ते महागात पडलं. तेवढ्यासाठीच हे लिहितो आहे.

आपल्या शहरात एक शिक्षणसंस्था आहे. नाव सोडून देतो, संस्थेनं स्वतःचं नाव इतक्या ठिकाणी कोरून ठेवलं आहे की माझ्या मदतीची गरज नाही. तिचं नर्सिंग कॉलेज आहे. तिथल्या सचिवांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेबांनी एकदा 'डिजिटल कक्ष' उभारला. काचेच्या भिंती, खाली चकचकीत फरशी, दाराशी संगमरवरी पाटी. पाटीवर भाऊसाहेबांचं नाव उद्घाटकांच्या नावापेक्षा किंचित लहान आणि सर्व्हरपेक्षा बरंच मोठं होतं. आतला सर्व्हर मात्र जुनाच, वरच्या मजल्यावरून उचलून आणलेला. त्यावर प्रवेशाची वेबसाइट चालायची. उद्घाटनाच्या भाषणात भाऊसाहेब म्हणाले होते, "आता आपल्या प्रवेशाला माणसाचा हात लागणार नाही." टाळ्या झाल्या. माणसाचा हात या संस्थेत आधी काय करत असे हे टाळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक होतं.

ती वेबसाइट रोज सांभाळायच्या ऑफिसच्या सुरेखाताई. पन्नाशीच्या, किरकोळ अंगाच्या, बोलायला फटकळ. सर्व्हरचा पासवर्ड दोघांनाच माहीत, त्यांना आणि मला. भाऊसाहेबांनाही एकदा सांगितला होता. तो त्यांनी ड्रायव्हरला सांगून ठेवला, गाडीच्या. (हा विनोद माझा नाही, घडलेला प्रसंग आहे.)

त्या वर्षी दसऱ्याच्या दिवशी मी विद्यापीठामागच्या लेण्यांवर होतो. त्या दिवशी आमचा निम्मा समाज तिथं असतो आणि उरलेला नागपूरला. पांढरे कपडे, ऊन, पुस्तकांचे स्टॉल. माझी बायको मंगल तिच्या मैत्रिणींबरोबर रांगेत उभी, तेवढ्यात भाऊसाहेबांचा फोन.

"साळवे साहेब, सर्व्हर रुसला."

"रुसला म्हणजे?"

"काल खंडेनवमीची पूजा केली. आज चालंना."

"पूजा म्हणजे नेमकं काय केलंत?"

"अगदी शास्त्रोक्त," ते म्हणाले.

मी मंगलला सांगितलं. ती म्हणाली, "जावा. आमची दीक्षा धम्माची, तुमची त्या डब्ब्याची." तिच्या मैत्रिणी हसल्या. मी पांढऱ्या शर्टानिशी गाडीला किक मारली.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते हे सगळ्यांना माहीत आहे. वाळूजला त्या दिवशी लेथ मशिनी न्हाऊनमाखून हार घालून उभ्या असतात, आणि बाकी वर्षभर त्यांच्याशी मालक ज्या भाषेत बोलतो ती बघता एवढं त्यांना मिळायलाच हवं. पूजेच्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, त्याला विसावा द्यायचा. भाऊसाहेबांनी तर्क लढवला: आजचं हत्यार म्हणजे सर्व्हर. मग त्याला विसावा नको? नवमीला दुपारी सर्व्हर बंद केला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. झेंडूचा हार, हळदकुंकू, समोर नारळ. दसऱ्याच्या सकाळी चालू केला तर वेबसाइट उघडेना.

मी पोचलो तेव्हा काचेच्या खोलीत सुरेखाताई पंख्याच्या जाळीतलं कुंकू ओल्या फडक्यानं पुसत होत्या. दारात चौकीदार करीमचाचा उभे.

"साब, नींबू भी काटा था," ते मला म्हणाले. "फिर भी नक्को बोल रहा."

बाहेर पायऱ्यांवर दोघी मायलेकी बसलेल्या. मुलगी अश्विनी, बारावी झालेली. आई देवगाव रंगारीच्या शाळेत खिचडी शिजवते. प्रवेशाच्या यादीत अश्विनीचं नाव लागलं होतं, वसतिगृहासकट. बाकी कॉलेजांत वसतिगृह नव्हतं, म्हणजे तिच्यापुरतं बाकी कॉलेजंच नव्हती. तिनं फक्त वेबसाइटवर जाऊन 'जागा मान्य' असं एक बटण दाबायचं होतं. मुदत त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत. सहानंतर वेबसाइट आपणहून ती जागा प्रतीक्षायादीतल्या पहिल्या मुलीला देणार होती. माणसाचा हात न लावता.

"काल सांजच्याला मोबाइल मिळाला शेजारच्याचा," अश्विनीची आई मला सांगू लागली. "तवापासून नुसतं गोल गोल फिरतंय. मग म्हणलं, मोबाइलमधी दाबंना तर मशिनीपाशी जाऊन दाबू. आलो एस्टीनं."

हे ऐकून हसू नका. मशिनीपाशी जाऊन दाबायचं, ही त्या दिवसातली सर्वांत समंजस कल्पना होती.

मी आत गेलो. भाऊसाहेब काचेच्या खोलीतच येऊन उभे होते. ते नव्या फेट्यात होते. संध्याकाळी सीमोल्लंघनाची मिरवणूक. म्हणालो, "त्या मुलीची मान्यता कागदावर घ्या. सही-शिक्का मारा. उद्या वेबसाइटवर चढवू."

"साळवे साहेब, उद्घाटनात मी काय बोललो होतो?"

"माणसाचा हात लागणार नाही."

"मग? मीच मोडू?" असं म्हणून त्यांनी आवाज खाली आणला. काचेच्या खोलीत आवाज खाली आणून काही उपयोग नसतो, पण तशी सवय असते. "आणि तसं बघितलं तर नुकसान कुणाचंच नाय. नंबर लागंल तो कुणाचा? आपल्या सुरेखाताईंच्या भाचीचा. बिडकीनची ऋतुजा. ती बी गरिबाचीच पोरगी हाये. चालू झालं तर झालं, नाय तर देवाची मर्जी. तुम्ही सणाच्या दिवशी एवढा ताण घेऊ नका."

सुरेखाताई जाळी पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मी खुर्ची ओढली. डेटाबेस तपासला, तो ठणठणीत. वेबसाइटचा प्रोग्राम तपासला, तोही जागेवर. मग बिघाडाची नोंद उघडली आणि जुना मित्र भेटला: या यंत्रावर अमुक ड्रायव्हर नोंदलेला नाही. म्हणजे कुंकवाचा दोष नव्हता. मला थोडं वाईट वाटलं.

यंत्राला विचारलं, ड्रायव्हर आहे का? ते म्हणालं, आहे की. वेबसाइट म्हणत होती, नाही. दोघंही खरं बोलत होते. कारण ड्रायव्हर दोन मापांत येतात, बत्तीस बिटांचा आणि चौसष्ट बिटांचा. नावं तीच, चेहरे तेच, पण जुन्या प्रोग्रामला बत्तीसचाच लागतो. चौसष्टचा त्याला दिसतसुद्धा नाही. मोठ्या मापाचा बूट चांगला असेल, पण पाय लहान असेल तर काय करायचं? त्या सर्व्हरवर चौसष्टचा होता. बत्तीसचा गेला होता, आणि मी वर म्हणालो तसा, बिनचूक, मुळासकट.

"सुरेखाताई," मी सवयीनं विचारलं, "काय बदललं?"

"पूजा झाली तशी कुणी हात नाय लावला," त्या म्हणाल्या. हेही खरंच होतं.

बत्तीसचा पुन्हा टाकावा म्हटलं तर वेगळीच अडचण. वेबसाइटनं त्या जुन्या ड्रायव्हरचं नाव आवृत्तीसकट आत शिवून टाकलेलं. बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर 'ही आवृत्ती आता मिळणार नाही, नवी घ्या' अशी गोड सूचना. नवी घेतली, वेबसाइटनं तिला ओळख दिली नाही. ज्या मुलानं वेबसाइट लिहिली तो आता कॅनडात. त्याला फोन लावला. तिकडं सगळे झोपेत. माझ्या घरच्या जुन्या डिस्का शोधायच्या तर मंगलनं त्या केव्हाच भंगारात घातलेल्या. चार वाजून गेले. पायऱ्यांवर अश्विनी दर थोड्या वेळानं मोबाइल काढायची, बघायची, पालथा ठेवायची. आईनं फडक्यातली भाकरी सोडली. करीमचाचांनी त्यांना चहा आणून दिला आणि स्वतः उगाचच सर्व्हरच्या खोलीला पाठ करून बसले, जणू त्याच्याशी त्यांचा अबोला होता.

सुरेखाताईंनी फडकं पिळून वाळत घातलं. मग माझ्या खुर्चीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"साळवे सर, घटस्थापनेच्या आधी मी दसरा काढला होता."

"ऑफिसचा ना?"

"व्हय. आन् ह्याचाबी."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या मराठवाड्यात नवरात्राच्या आधी 'दसरा काढतात'. घरातली एकूण एक वस्तू बाहेर येते. गोधड्या, हांडे, पाटे, जात्याच्या खुंट्यासुद्धा. सगळं धुवायचं, घासायचं, उन्हात टाकायचं, आणि नको ते बाजूला करायचं. त्यातून सुटका नवऱ्याची होत नाही तिथं सर्व्हरची कशी व्हावी? ऑफिसची कपाटं झाल्यावर सुरेखाताईंनी सर्व्हर काढायला घेतला होता. कुठल्या काळचे प्रोग्राम, कुणी कधी टाकलेले, आता संस्थेत नसलेल्या तीन तीन प्रिंटरांच्या फाइली. ते सगळं त्यांनी शिस्तीत उतरवलं.

"एकाच नावाचे दोन दिसले," त्या म्हणाल्या. "एक बत्तीसचा, एक चौसष्टचा. भाऊसाहेबांना विचारलं. ते म्हणले, आपल्याकडं आता सगळं चौसष्ट, बत्तीसचं ठेवून संस्थेची शोभा करता का. मग काढला. शेवटी मशिनीनं विचारलं, बंद करून चालू करू का. मी 'नंतर' दाबलं."

सगळं उलगडलं. 'नंतर' सगळेच दाबतात. ते बटण नसतं तर माझा धंदा कधीच बसला असता. यंत्र चालू होतं तोवर काढलेला ड्रायव्हर पाहुण्यासारखा निघतो निघतो म्हणत दारात रेंगाळत होता. भाऊसाहेबांनी सर्व्हरला विसावा दिला तेव्हा तो निघून गेला.

"आता तो मिळणार नाही, ताई," मी म्हणालो. "सगळीकडं बघून झालं."

पायऱ्यांकडं त्यांनी पाहिलं नाही, घड्याळाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "दसऱ्यात काढलेलं कुणी फेकून देतं व्हय? माळ्यावर ठेवत्यात. लागतं कधी."

स्टूल घेऊन त्यांनी कपाटावरचं खोकं उतरवलं. फुटके कप, क्रीडामहोत्सवाच्या ढाली, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या जुन्या सीड्या. एकेक पुसून त्यांनी मला दिली. तिसऱ्या सीडीवर तो होता, त्याच नावाचा, त्याच आवृत्तीचा. जुन्या सर्व्हरचा सीडीचा कप्पा कण्हत उघडला. या खेपेला मी 'नंतर' दाबलं नाही.

वेबसाइट उघडली. मी काचेवर टकटक करून अश्विनीला आत बोलावलं. करीमचाचांनी दोघींना चपला काढायला लावल्या, देवळात काढतात तशा. अश्विनीनं बटण दाबलं. पडद्यावर 'आपली जागा निश्चित झाली आहे' असं आलं.

"नीट दाबलं का?" आई म्हणाली. "परत एकदा दाब."

"परत नको!" मी आणि सुरेखाताई एकदमच ओरडलो.

भाऊसाहेबही आले. त्यांनी पडदा पाहिला, हार सारखा केला आणि म्हणाले, "बघा. श्रद्धेनं केलेलं वाया जात नाय." पुढं मिरवणुकीत त्यांनी डिजिटल कक्षाविषयी काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, पण तासाभरात मला दोन माणसांनी विचारलं, सर्व्हरची पूजा करायला तुम्ही किती घेता.

अश्विनीची आई सुरेखाताईंच्या पाया पडायला वाकली. सुरेखाताईंनी तिला दंडाला धरून उभं केलं. "माझ्या कशाला पडता? वसतिगृहात अंथरूण-पांघरूण देत नायत, घरून आणायचं. जाड आणा. इथं थंडी लई." एवढं बोलून त्या खिडकीपाशी गेल्या आणि फोन लावला.

"अक्का, नाय लागला गं नंबर," त्या म्हणाल्या. "व्हय, बंदच होती. आता झाली चालू... नाय, मीच दिली सीडी."

पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला. "दोन घटका गप बसता आलं नाय का तुला?"

"नाय आलं," सुरेखाताई म्हणाल्या. पलीकडून फोन ठेवला गेला. फोन कानालाच लावून त्या जराशा तशाच उभ्या राहिल्या, समोरचं माणूस अजून बोलतं आहे असं करीमचाचांना वाटावं म्हणून असेल.

मी अहवालात लिहिलं, 'गहाळ घटक पुन्हा बसवला'. आमच्या अहवालात एवढ्यालाच जागा असते. ऋतुजाला त्या वर्षी कुठंच प्रवेश मिळाला नाही, हे मला नंतर कळलं. यंत्र चालू करून देणं माझं काम, आणि ते मी चोख करतो. कुणासाठी चालू झालं आणि कुणासाठी नाही, हे यंत्राला विचारता येत नाही. अश्विनी आली म्हणून मी आनंद मानतो, तेव्हा मधेच ही दुसरी मुलगी आठवते. मी तिला पाहिलेलंही नाही.

बाहेर पडताना सुरेखाताईंना म्हणालो, "चला, घरी सोडतो."

त्या गाडीवर मागं बसल्या. पिशवीतून आपट्याची डहाळी बाहेर आलेली.

"घरी नको. बसस्टँडला सोडा, बिडकीनच्या गाडीला. अक्काकडं सोनं द्यायला जायचंय."

"आज?" मी आरशात बघत विचारलं. "आत्ता फोनवर एवढं झालं..."

"म्हणून तर आजच," त्या म्हणाल्या. "शिव्या गरम गरम खाल्लेल्या बऱ्या. गार झाल्या की पचत नायत."